त्याचा बिल्ला मी उलटवला

किहीमला ज्या कॉटेजची मी देखभाल करतो, तिथून समुद्र दिसत नाही. नारळीच्या वाडीतून दोन मिनिटं चाललं की दिसतो. मुंबईहून आलेले पाहुणे संध्याकाळी तिथे जाऊन बसतात आणि परत आल्यावर चहाच्या वेळी बहुतेक एकच गोष्ट विचारतात. ती लांबवर जहाजं उभी आहेत, ती पुढे का जात नाहीत? मी सांगतो, बंदरात जागा मिळेपर्यंत थांबतात. कधी एक दिवस, कधी चार. एखादं लहान मूल विचारतं, मग आतल्या माणसांना खाली उतरता येत नाही? नाही, म्हणतो आणि कप गोळा करायला लागतो.

अशाच एका जहाजावर मी तीन दिवस थांबलेलो होतो. त्याला आता सात वर्षं झाली. त्या दिवसांविषयी मी पोलिसांना सांगितलं, आमच्या गटाच्या प्रमुखांना सांगितलं, बायकोला सांगितलं आणि म्हसळ्याच्या पलीकडच्या एका गावातल्या आईला सांगितलं. चौघांनाही सारखंच सांगितलं, आणि ते खरं नव्हतं. तिचा मुलगा त्या जहाजावरून गेला, आणि जाण्याआधी तो काय बोलला होता ते मी लपवून ठेवलं होतं. जे घडलं ते आता लिहितो.

मी ख्रिस्ती घरातला. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही इतके थोडे, की एक घर लग्नाला गावी गेलं तर रविवारच्या उपासनेत पेटी वाजवायला कुणी उरत नसे. त्या काळात मी म्हसळ्याला एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर मोठ्यांसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग घ्यायचो. तिथे तो आला. चोवीस वर्षांचा, आतल्या गावातला, भातशेतीच्या घरचा. एका कारखान्यात कंत्राटावर काम करायचा. इंग्रजी त्याला कधी नीट आलं नाही, पण वर्ग सुटल्यावर तो माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालायचा आणि प्रश्न विचारायचा. क्षमा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्याने मला निदान दहा वेळा विचारला असेल. पुढे तो आमच्या उपासनेला यायला लागला. वर्षभराने त्याने बाप्तिस्मा घेतला. घरून विरोध होईल असं मला वाटलं होतं. त्याची आई एवढंच म्हणाली, "देव कंचाबी धर. पन लावनीला घरी ये."

जहाजावर त्याला मीच नेलं.

ते जुनं प्रवासी जहाज होतं. मिशनचं काम करू इच्छिणाऱ्यांसाठी त्यावर पाच महिन्यांचं प्रशिक्षण असे. वेगवेगळ्या देशांतली चाळीसेक माणसं. सकाळी शास्त्राभ्यास, नंतर काम. कुणी स्वयंपाकघरात, कुणी पुस्तकांची खोकी उचलायला, कुणी डेकवर गंज खरवडायला. बंदराला लागलं की गावातली माणसं पुस्तकं बघायला वर येत आणि आम्ही वस्त्यांमध्ये, रुग्णालयांमध्ये जात असू. शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी दुभाष्या म्हणून गेलो होतो. ज्यांना इंग्रजी येत नाही त्या मराठी-हिंदी बोलणाऱ्यांची जबाबदारी माझ्याकडे. आम्ही कोचीला चढलो, श्रीलंकेला जाऊन आलो आणि पश्चिम किनाऱ्याने वर सरकत शेवटी मुंबईला उतरणार होतो.

दुभाष्याचं काम मला चांगलं जमायचं, हे सांगायला हवं. त्याचा मला गर्व होता. बोलणारा एक वाक्य बोलतो आणि थांबतो. त्या थांब्यात सगळे तुमच्याकडे बघत असतात. बोलणाराही बघतो, कारण आपल्या वाक्याचं पुढे काय होणार हे त्याला माहीत नसतं. तो श्वासभराचा वेळ पूर्णपणे तुमचा असतो. मला तो फार आवडायचा.

जहाजावर दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, चहानंतर, एक जण साक्ष द्यायचा. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. तिला एक ठरलेली चाल असते. मी आधी कसा होतो, मग काय घडलं, आता कसा आहे. शेवट शांतीत व्हावा, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण मी ऐकलेली एकही साक्ष दुसरीकडे कुठे संपली नव्हती. लोक त्या शेवटाची वाट बघत बसलेले असत. तो आला की सगळं दालन सैल व्हायचं, आणि बाहेरच्या देशांत आमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना त्याचा वृत्तान्त जायचा.

तो आपली पाळी पुढे ढकलत राहिला. "सर, मला न्हाय जमायचं. मी बटाटे सोलतो, कुनीतरी माझ्या वतीनं बोला." स्वयंपाकघरात तो सगळ्यांचा लाडका होता. जहाजावरच्या कडक पावाला तो 'दगडू' म्हणायचा. नॉर्वेची आणि कोरियाची माणसंसुद्धा सकाळी 'दगडू' मागायला लागली होती.

गोव्याच्या बंदरात त्याची पाळी आली. तो उभा राहिला, मी शेजारी. समोर प्रमुख बाई बसल्या होत्या. साठीच्या, फार मायाळू, परदेशी. मिझोरमची एक मुलगी फोनवर चित्रीकरण करत होती.

तो म्हणाला, माझा धाकटा भाऊ खाडीत गेला. मी सोळाचा, तो अकराचा. मी ते इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, ओहोटीला आम्ही कालवं काढायला गेलो होतो, पाणी कधी फिरलं ते कळलं नाही, मी पुढे पळालो. तो मागून हाक मारत होता, मी मागं बघितलं नाही. मी तेही सांगितलं. चांगलं सांगितलं. दालनात कुणी हलत नव्हतं. तो म्हणाला, घरी मी आईला बोललो की मी त्याचा हात धरला होता आणि तो सुटला. हात मी धरलाच नव्हता. हेही मी शब्दाला शब्द सांगितलं.

मग तो म्हणाला, "मला क्षमा झाली असं मी शिकलो. मी प्रार्थना करतो. पन हाक थांबली न्हाय. पान्यावर आल्यापासून जास्तच येते."

आणि थांबला. माझ्याकडे बघत.

मी इंग्रजीत म्हटलं, मला क्षमा मिळाली आहे, आणि ती हाक आता थांबली आहे. या समुद्रावर मला शांती मिळाली.

तो पुढे म्हणाला, "मला आईला खरं सांगायचंय. उद्या हितनं गाडी धरतो, माणगावला उतरतो. मला जाऊ द्या."

मी म्हटलं, मुंबईला उतरल्यावर मी आईकडे जाणार आहे, आणि ही शांती तिलाही सांगणार आहे.

दालन सैल झालं. प्रमुख बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तो त्यांच्याकडे असा बघत होता, जसा माणूस तिकीट हातात पडायची वाट बघतो.

असं का केलंस, हे मी स्वतःला सात वर्षं विचारलं. तेव्हा मनाला सांगितलं होतं की मी त्याला वाचवतो आहे. इतक्या लोकांसमोर तो उघडा पडला असता. चार दिवसांचा प्रश्न होता. यात थोडं खरंही असेल. पण दुसरंही होतं. प्रमुख बाई मला आठवड्यापूर्वीच म्हणाल्या होत्या की तुमच्यासारखा शिक्षक आम्हाला कायमचा हवा आहे. तो माझ्या भागातला, मी आणलेला पहिलाच. माझ्या पहिल्याच माणसाची साक्ष मोडकी निघू नये, असं मला वाटलं. आणि तो थांबा आला, तेव्हा सगळे ज्या वाक्याची वाट बघत होते ते वाक्य माझ्या तोंडात आयतंच होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बटाटे सोलत होतो.

"सर, काय म्हणल्या बाई?"

"धीराने बोललास म्हणाल्या."

"ते न्हाय. जायचं काय म्हणल्या?"

मी बटाट्याचा डोळा काढत बसलो. "चार दिवसांत मुंबई. तिथून थेट म्हसळा गाडी आहे."

"मी माझं माझं जातो की. माणगावपर्यंतच तर हाय."

"पाच महिने काढलेस, आता चार दिवसांसाठी सोडणार? प्रमाणपत्र मिळणार नाही."

"आईला प्रमाणपत्र वाचता येत न्हाय, सर," तो हसला. मग थोड्या वेळाने, सुरी खाली ठेवून, "तुम्ही नीट सांगितलंत ना?"

"सांगितलं."

तो मान हलवून पुन्हा सोलायला लागला. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता. दुसरा कुणाचा शब्द त्याला तिथे कळतच नव्हता.

मुंबईबाहेर पोचलो तर बंदरात जागा नव्हती. नांगर टाकून थांबायचं ठरलं. पूर्वेला आमच्याच जिल्ह्याचे डोंगर दिसत होते, सकाळी निळे, दुपारी धुरकट. पहिल्या दिवशी त्याने मला कठड्यापाशी बोलावलं.

"सर, तो आपला रायगड ना?"

"हो."

"मंग आपन घरीच हाव."

मासेमारीची एक होडी बरीच जवळून गेली. त्याने वरून हाक दिली, "ओ मामा, म्हसळ्याला सोडता काय?" खालून एक जण ओरडला, "तिकीट काढलंस काय?" दुसऱ्याने विचारलं, "बायकू वाट बघतेय काय रं?" "आई," तो म्हणाला. ते हसले, तो हसला, मीही हसलो. होडी गेली तरी तो तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवशी तो फारसा बोलला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "सर, बाईंना अजून एकदा विचारा. छोटी बोट हाय ना खाली." विचारतो, म्हटलं. विचारलं नाही. विचारायला गेलो असतो तर गुरुवारचं सगळं उघडं पडलं असतं.

आता बिल्ल्याविषयी. जिन्यापाशी, म्हणजे जिथून खाली उतरायचं तिथे, एक लाकडी फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या क्रमांकाचा एक बिल्ला खिळ्याला टांगलेला. एका बाजूने हिरवा, म्हणजे जहाजावर. दुसऱ्या बाजूने पांढरा, म्हणजे किनाऱ्यावर. उतरताना आपण आपला बिल्ला पांढरा करायचा, परत आलो की हिरवा. आग लागली, काही झालं, तर कोण आत आहे ते त्या फळ्यावरून मोजायचं. जहाजावरचा अधिकारी त्या बाबतीत फार कडक होता. श्रीलंकेत दोघं बिल्ला फिरवायला विसरले, तर आमच्या सगळ्या गटाला दोन दिवस गंज खरवडायला बसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना मी चहा घ्यायला निघालो. फळ्यावर सगळे बिल्ले हिरवे, एक पांढरा. त्याचा.

नांगर टाकलेल्या जहाजावरून कुणी किनाऱ्यावर जात नाही. मला वाटलं, चेष्टा केली असेल. परवाची होडी, ते डोंगर, त्याचा स्वभाव. किंवा नुसता धक्का लागून फिरला असेल. अधिकाऱ्याने बघितलं तर पुन्हा सगळ्यांना खरवडत बसवेल आणि नाव माझ्या माणसाचं येईल. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बोटाने बिल्ला हिरवा केला. मग खाली जाऊन चहा प्यायलो. साखर जास्त झाली होती, ते अजून आठवतं.

सकाळच्या प्रार्थनेला तो नव्हता. स्वयंपाकघरात असेल, असं सगळ्यांना वाटलं. स्वयंपाकघराला वाटलं, प्रार्थनेत असेल. नाश्त्याला शोधाशोध सुरू झाली. अधिकाऱ्याने फळा बघितला आणि म्हणाला, सगळे जहाजावर आहेत, आत शोधा. आम्ही केबिन शोधल्या, भांडाराच्या खोल्या, यंत्राकडची जागा. मीही शोधत होतो. बिल्ला सांगायला दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा कुणीतरी आधी बोललं, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे कुणी बोललं नव्हतं. दीड-दोन तासांनी जहाजाच्या मागच्या टोकाला कठड्यापाशी त्याच्या चपला सापडल्या. शेजारी शेजारी, सरळ ठेवलेल्या. घरात शिरताना काढून ठेवतात तशा. मग बोटी सोडल्या.

चौथ्या दिवशी, बऱ्याच दक्षिणेला, तो मासेमारांना मिळाला. ओळख पटवायला मीच गेलो.

बिल्ला तसाच ठेवला असता तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. तो किती वाजता गेला हे कुणालाच माहीत नाही. कदाचित मी चहा घ्यायला निघालो त्याच्या खूप आधी सगळं संपलं असेल. मी यातही बरीच वर्षं आसरा शोधला. पण ते दोन तास होते, आणि ते मी घेतले.

पोलिसांना मी सांगितलं की फळ्यावर तो जहाजावरच होता. पहाटे कठड्यापाशी उभा असताना पाय घसरला असावा, अशी नोंद झाली. प्रमुख बाईंनी त्याच्या आईला पत्र लिहिलं. तुमचा मुलगा पूर्ण शांतीत होता, त्याने आम्हा सर्वांसमोर तसं सांगितलं होतं. त्या पत्राचं मराठी मी केलं. तिच्या ओटीवर बसून मोठ्याने वाचलंही मीच. ती ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने फक्त विचारलं, "निघताना कुनाशी काय बोलला व्हता काय?" नाही, म्हटलं.

जहाजावरची शिक्षकाची जागा मी घेतली नाही. म्हसळा सोडून बायकोच्या गावी, किहीमला आलो. तिथल्या चर्चच्या मंडळीत एकदा बाहेरून वक्ते आले आणि दुभाष्या म्हणून मला उभं केलं. वक्त्याने पहिलं वाक्य बोलून थांबा घेतला. त्या थांब्यात माझ्या उजव्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं, तिथे दुसरंही कुणीतरी थांबलं. मला आवाज ऐकू आला असं मी म्हणत नाही. आवाज नव्हताच. आपलं वाक्य संपवून, माझ्याकडे बघत, वाट पाहत कुणीतरी उभं होतं. मी घसा खराब झाल्याचं सांगून खाली बसलो. त्यानंतर मी कुणासाठी बोललो नाही. पण थांबे काही उपासनेतच असतात असं नाही. फोनवर पलीकडचा माणूस बोलून थांबतो. बायको काही विचारून थांबते. प्रत्येक ठिकाणी तो आधीच येऊन उभा असतो. बायको म्हणते, तुम्ही हल्ली लगेच उत्तर देता, विचारच करत नाही. खरं आहे. थांबा उरू नये म्हणून देतो.

त्या आईकडे मी वर्षातून एकदा जायचो, भात कापून झाल्यावर. ती मला चहा द्यायची आणि निघताना नव्या तांदळाची पिशवी. मी "येतो" म्हणायचो, ती "या" म्हणायची. त्या एका शब्दासाठी मी जात होतो की काय, कुणास ठाऊक.

यंदा तिच्या धाकट्या मुलीचा फोन आला. ती आता माणगावला एका दवाखान्यात नोकरी करते. म्हणाली, "सर, जहाजावरच्या एका मिझोरमच्या ताईने मला शोधून काढलं. दादाचा व्हिडिओ पाठवलाय. आई म्हणते, तुमच्यासोबत बघायचाय." मी विचारलं, तुम्ही बघितलात? ती म्हणाली, "आम्ही बघितला. बऱ्याचदा."

अलिबागहून एसटी धरली, माणगावला बदलली, म्हसळ्याहून रिक्षा. खळ्यावर पेंढा रचलेला होता. आई ओटीवर सुपात तांदूळ पाखडत बसली होती. मी टेकल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"पोरगं बोलतं त्ये मला कळतं, मास्तर," ती म्हणाली. "त्याच्या मागनं तुमी काय बोलता त्ये न्हाय कळत. त्ये सांगा आज."

"तुम्ही इंग्रजी शिकलेल्या आहात ना," मी मुलीला म्हटलं. "तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मला कळलं तेवढं कळलं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आई म्हणाली, तू नको सांगू. ज्यानं बोललं त्यानंच सांगायचं."

तिने फोन लावला. त्याचा आवाज ओटीवर आला. माझा धाकटा भाऊ खाडीत गेला. मग माझा आवाज, इंग्रजीत, केवढा गोड आवाज. मुलीने फोन थांबवला. मी म्हटलं, हे मी तसंच सांगितलं. आईने मान हलवली. पुढचं वाक्य. तसंच. पुढचं, तसंच. हात धरलाच नव्हता, इथे आईने डोळे मिटले, पण हाताने खूण केली, चालू दे.

मग ते वाक्य आलं. हाक थांबली न्हाय. आणि त्याचा थांबा. पडद्यावर तो माझ्याकडे बघत होता. मग माझा आवाज. मुलीने फोन थांबवला.

मी म्हटलं, "इथे मी बोललो, हाक थांबली आहे. मला शांती मिळाली आहे."

"दादा असं नाही बोलला," मुलगी म्हणाली.

"नाही."

"मग तुम्ही का..."

"बोलू दे त्यास्नी," आई म्हणाली. "लाव पुढं."

माणगावला उतरतो. मला जाऊ द्या. आणि माझं इंग्रजी. त्याचं मराठी मी तिला सांगितलं. आयुष्यात एवढं हळू मी कधी बोललो नव्हतो. आपलंच वाक्य दुसऱ्याचं असावं तसं, शब्दाला शब्द.

मुलीने फोन खाली ठेवला. आईच बोलली. "मला ठावं व्हतं. त्या दिशी खाडीवरनं आला, त्याची इजार गुडघ्याच्या वर कोरडी व्हती. हात धरनाऱ्याची कोरडी कशी राहील? पन मी काय बोलले न्हाय. म्हटलं, त्याचा त्यो सांगंल. आन त्यो सांगायलाच निघाला व्हता."

मग मी बिल्ल्याचं सांगितलं. फळा कसा असतो, हिरवी बाजू कोणती, पांढरी कोणती. मी काय पाहिलं आणि बोटाने काय केलं. मुलगी उठून आत गेली. आईने मध्ये दोनच प्रश्न विचारले.

"त्यानं सोताच्या हातानं फिरवला व्हता?"

"हो."

"किनाऱ्याच्या बाजूला?"

"हो."

ती सुपातले तांदूळ उगाच सारखे करत राहिली. "म्हंजे सांगून गेला," ती म्हणाली. "सात वर्सं मी म्हनत्ये, एवढा शहाना पोर, येतो म्हनूनसुदिक कुनाला बोलला न्हाय. घरातनं बाजारात जायचा तरी सांगून जायचा. त्यो सांगून गेला व्हता. तुमी पुसलंत."

मी हो म्हटलं. क्षमा मागायचं मी वाटेत ठरवलं होतं, वाक्यंसुद्धा जुळवली होती. ती आली नाहीत, आणि मी आणलीही नाहीत.

"लिवून द्या हे," ती म्हणाली. "हिला वाचता येतं, ही मला वाचून दावंल. आन त्या बाईलाबी लिवा, तिच्या बोलीत. घडलं तसं. गोड नका करू."

मी उठलो. पायऱ्या उतरून चपला घातल्या आणि सवयीने म्हटलं, "येतो."

ती काही बोलली नाही. मी खळ्यात उभा राहिलो. उजव्या बाजूला तोही उभा होता, नेहमीसारखा. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा निघालो.

प्रमुख बाईंना पत्र पाठवलं आहे. त्या निवृत्त झाल्या, आजारी आहेत असं ऐकतो. उत्तर आलेलं नाही. पत्र मोठं झालं, पण सगळ्यात जास्त वेळ त्याच्या दोन ओळींना लागला. हाक थांबली नाही, पाण्यावर आल्यापासून जास्तच येते. उद्या इथून गाडी धरतो, माणगावला उतरतो, मला जाऊ द्या. इंग्रजीत किती सोपी वाक्यं आहेत ती. माळ्यावरच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवायचो तसली.